लहान धंद्याची नियमित कर-विवरणपत्रं: महाराष्ट्रातल्या व्यावसायिकांचे नेहमीचे प्रश्न

रिटर्न भरायला पोर्टलवर जेमतेम वीस मिनिटं लागतात. बाकीचा सगळा वेळ बिलं शोधण्यात जातो. लहान धंद्यांचे हिशेब सांभाळताना मला हेच दिसत आलं आहे, आणि फोनवर येणाऱ्या निम्म्या प्रश्नांचं मूळही तिथेच असतं. खालची उत्तरं एकट्या मालकाच्या किंवा भागीदारीतल्या, वर्षाला ५ कोटींच्या आत उलाढाल असलेल्या महाराष्ट्रातल्या धंद्यासाठी लिहिली आहेत. कंपनी असेल तर कंपनी कायद्याची वेगळी विवरणपत्रं असतात. ती इथे घेतलेली नाहीत.

माझा धंदा लहान आहे. जीएसटी नोंदणी करावीच लागते का?

फक्त माल विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांपुढे गेल्यावर, सेवा देत असाल तर २० लाखांपुढे. दोन्ही करत असाल तर २० लाखच धरा, कारण ४० लाखांची सवलत निव्वळ मालविक्रीसाठी आहे. फ्रिज विकणारा दुरुस्तीची कामंही घेऊ लागला की तो त्या सवलतीतून बाहेर पडतो, आणि हे त्याला बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरी गफलत उलाढाल मोजण्यात होते. ती दुकानागणिक मोजत नाहीत, पॅनवर मोजतात. एकाच मालकाची दोन नावांनी दोन दुकानं असतील तर दोन्हींची बेरीज होते, आणि करमाफ मालाची विक्रीही त्या बेरजेत येते. राज्याबाहेर माल विकायचा असेल तर, काही हस्तकलेच्या वस्तूंसारखे अपवाद सोडता, पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. सेवेला मात्र राज्याबाहेरही २० लाखांपर्यंत सूट आहे. मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

वर्षभरात नेमकं काय काय भरायचं असतं?

एकदा कागदावर मांडलं की भीती निम्मी होते. जीएसटीत दर महिन्याचं रिटर्न निवडलं असेल तर विक्रीचा तपशील देणारं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कर भरण्याचं जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत. तिमाही निवडलं असेल तर जीएसटीआर-१ तिमाही संपल्यानंतरच्या १३ तारखेला आणि ३बी महाराष्ट्रासाठी २२ तारखेला. काही राज्यांना हीच मुदत २४ आहे. दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाच्या सांगण्यावर विसंबू नका. वर्षाची उलाढाल २ कोटींच्या वर असेल तर ३१ डिसेंबरपर्यंत जीएसटीआर-९ हे वार्षिक रिटर्नही लागतं.

आयकरात आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला, आणि वर्षातून एकदा विवरणपत्र. त्याची शेवटची तारीख दरवर्षी पोर्टलवर पाहूनच लिहून ठेवा. २०२५ साली ३१ जुलैची मुदत आधी १५ सप्टेंबर आणि मग १६ सप्टेंबर झाली होती. अशा मुदतवाढीची वाट बघत बसण्याची सवय मात्र महागात पडते, कारण ती जाहीर होते बहुतेक शेवटच्या घटकेला.

टीडीएस, म्हणजे दुसऱ्याला पैसे देताना आधीच कापून घ्यायचा त्याचा आयकर, कापत असाल तर त्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला, मार्चचा ३० एप्रिलला. शिवाय राज्याचा व्यवसाय कर. एवढंच. यातलं प्रत्येक तुम्हाला लागू होतंच असं नाही.

दर महिन्याचं रिटर्न बरं की तिमाही?

५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना १ जानेवारी २०२१ पासून तिमाहीचा पर्याय आहे. पोर्टलवर त्याला क्यूआरएमपी म्हणतात. तिमाही ऐकून अनेकांना वाटतं, कर तीन महिन्यांनी भरायचा. तसं नाही. रिटर्न तिमाही, पैसे दर महिन्याला. पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पीएमटी-०६ चलानाने भरायचा असतो. त्यासाठी दोन रस्ते आहेत: मागच्या तिमाहीत रोखीने (म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, क्रेडिट, न वापरता चलानाने) भरलेल्या कराच्या ३५ टक्के रक्कम, जी पोर्टल स्वतःच काढून देतं, किंवा प्रत्यक्ष हिशेब करून येईल ती. पहिला रस्ता सोपा. धंदा हंगामी असेल तर दुसरा बरा, नाहीतर दिवाळीच्या तिमाहीतल्या कराच्या ३५ टक्क्यांनी तुम्ही मंदीच्या महिन्यांत पैसे अडकवून बसाल.

तुमची गिऱ्हाइकं कोण आहेत, यावर खरा निर्णय ठरतो. थेट ग्राहकांना विकत असाल तर तिमाही घ्या. पण तुमचा माल जीएसटीवाले दुकानदार किंवा कारखाने घेत असतील, तर तुम्ही विक्री नोंदवल्याशिवाय त्यांना क्रेडिट मिळत नाही. तीन महिने थांबायला ते तयार नसतात, आणि का असावेत? अशांसाठी आयएफएफ नावाची सोय आहे. पहिल्या दोन महिन्यांत १३ तारखेपर्यंत फक्त नोंदणीकृत खरेदीदारांची बिलं तिथे टाकता येतात, महिन्याला ५० लाखांपर्यंत. ती दर महिन्याला भरायचीच असेल तर मग मासिक रिटर्नात आणि यात फारसा फरक उरत नाही, हेही खरं.

कंपोझिशन घेतलं तर कटकट संपते म्हणतात. खरं आहे का?

कमी होते. कंपोझिशन म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याची योजना. मालाच्या धंद्याला १.५ कोटींच्या उलाढालीपर्यंत ती मिळते. व्यापारी आणि उत्पादकांना १ टक्का, रेस्टॉरंटला ५ टक्के, आणि ५० लाखांच्या आतल्या सेवा व्यावसायिकांना ६ टक्के. दर तिमाहीनंतरच्या १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ भरून कर जमा करायचा आणि वर्षाचं जीएसटीआर-४ हे ३० जूनपर्यंत द्यायचं.

किंमत काय मोजावी लागते, तेही बघा. गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, तो तुमच्या नफ्यातून जातो. खरेदीवरच्या कराचं क्रेडिट नाही. राज्याबाहेर विक्री नाही. आणि तुमच्याकडून घेणाऱ्या व्यापाऱ्याला क्रेडिट मिळत नाही, म्हणून तो तुमच्याकडे फिरकत नाही. किरकोळ विक्रीच्या धंद्याला मी ही योजना सुचवतो, घाऊक धंद्याला सहसा नाही.

या महिन्यात एक रुपयाची विक्री नाही. तरी रिटर्न?

हो. निल रिटर्न भरावंच लागतं. नोंदवलेल्या मोबाइलवरून १४४०९ या क्रमांकावर एसएमएस करूनही ते होतं. फक्त त्याआधी पुढचा प्रश्न वाचा, कारण विक्री नसली तरी महिना निल असतोच असं नाही.

विक्री नसताना कर कसा काय लागतो?

उलट आकारणी, म्हणजे रिव्हर्स चार्ज. काही व्यवहारांत कर विकणाऱ्याने भरण्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा असतो. वकिलाची फी आणि मालवाहतुकीचं भाडं ही जुनी उदाहरणं झाली. नवं आणि बऱ्याच जणांना अजून न कळलेलं उदाहरण दुकानाच्या किंवा गोदामाच्या भाड्याचं आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून जागामालकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि तुमची असेल, तर व्यावसायिक जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के कर तुम्ही भरायचा. भाडं महिना २०,००० असेल तर ३,६०० रुपये. कंपोझिशनवाल्यांना यातून नंतर वगळलं.

हा कर क्रेडिटमधून वळता करता येत नाही, रोखीनेच भरावा लागतो. पण भरला की त्याचं क्रेडिट त्याच महिन्याच्या रिटर्नात घेता येतं, त्यामुळे नेहमीच्या धंद्यात खिशाला चाट बसत नाही. न भरता राहिलेल्याची मागणी दोन वर्षांनी व्याजासकट आली की मात्र बसते.

जीएसटीआर-१ आणि ३बी, तीच माहिती दोनदा कशाला?

पहिल्यात बिलवार यादी असते आणि ती तुमच्या गिऱ्हाइकाच्या खात्यात जाऊन पोचते. दुसऱ्यात गोळाबेरीज आणि पैसे. पूर्वी दोन्हींचे आकडे वेगळे पडले तरी ३बीत हाताने बदल करता यायचा. जुलै २०२५ च्या महिन्यापासून विक्रीवरचा कर जीएसटीआर-१ मधून येऊन ३बीत पक्का होतो, तिथे खाडाखोड चालत नाही. त्यामुळे सगळी काळजी आता ११ तारखेच्या आधी घ्यायची. २० तारखेला जागं होणाऱ्यांसाठी हा बदल फारच गैरसोयीचा आहे, पण हिशेबाच्या दृष्टीने मला तो पटतो.

मग चूक झालीच तर?

३बी अजून भरलेलं नसेल तर जीएसटीआर-१ए मध्ये त्याच महिन्याची दुरुस्ती करता येते. ३बी भरून झालं असेल तर ते पुन्हा उघडत नाही. सुधारित रिटर्न नावाचा प्रकार जीएसटीत नाही. दुरुस्ती पुढच्या एखाद्या महिन्याच्या रिटर्नात करायची, आणि त्यालाही मर्यादा आहे: ज्या आर्थिक वर्षाचं बिल, त्या वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. राहून गेलेलं क्रेडिट घेण्याची शेवटची तारीखही तीच. म्हणून दिवाळीच्या आसपास एकदा मागच्या वर्षाची वही आणि पोर्टल समोरासमोर ठेवून बघावं. सर्वांत जास्त सापडणारी चूक गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकातली असते. एक अक्षर चुकलं की बिल भलत्याच माणसाच्या खात्यात जातं आणि तुमचं गिऱ्हाईक सहा महिन्यांनी भांडायला येतं.

गिऱ्हाइकाने पैसेच दिले नाहीत. तरी कर मी खिशातून भरायचा?

हा प्रश्न विचारताना माणसाचा आवाज चढलेला असतो, आणि ते साहजिक आहे. पण उत्तर हो असंच आहे. कर बिलावर लागतो. वसुली झाली की नाही, हे सरकार विचारत नाही. मार्चमध्ये १ लाखाचं बिल केलं, त्यावर १८ टक्के लावले, तर एप्रिलच्या २० तारखेला १८,००० जमा व्हायला हवेत. गिऱ्हाईक पैसे जूनमध्ये देवो वा कधीच न देवो. उधारी कायमची बुडाली तरी भरलेला जीएसटी परत मिळण्याची तरतूद नाही. क्रेडिट नोट काढायला माल परत आला असला पाहिजे, माल किंवा सेवेत खोट निघाली असली पाहिजे, किंवा बिलात किंमत वा कर जास्त लागलेला असला पाहिजे. बुडीत उधारी या कारणांत बसत नाही.

मग हातात काय राहतं? बिल कधी करायचं, यावर थोडं नियंत्रण असतं. सेवा देणाऱ्याला काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत बिल करता येतं, त्यामुळे महिन्याच्या २९ तारखेला संपलेल्या कामाचं बिल पुढच्या महिन्यात गेलं तर कर भरायला महिनाभर जास्त मिळतो. मालाचं तसं नाही, माल निघाला की बिल हवंच. आगाऊ रकमेचा नियमही वेगळा आहे: सेवेसाठी आगाऊ पैसे घेतले तर त्या महिन्यातच कर लागतो, मालासाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवर १५ नोव्हेंबर २०१७ पासून लागत नाही.

वसुलीसाठी कायद्यात दोन हत्यारं आहेत, ती फारच कमी जण वापरतात. एक, खरेदीदाराने बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेलं क्रेडिट त्याला व्याजासह परत करावं लागतं. दोन, तुम्ही उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक वा सेवा देणारे असाल, तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसताना १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. निव्वळ व्यापाऱ्यांना हा दुसरा आधार मिळत नाही. मार्चच्या सुरुवातीला थकबाकीदाराला या दोन गोष्टी सांगणारं दोन ओळींचं सभ्य पत्र पाठवा. दहा फोन करून न हललेला माणूस त्याच्या सीएने विचारलं की हलतो.

आणि एक घरगुती उपाय. बँकेत दुसरं खातं काढा. पैसे आले की त्यातला कराचा भाग त्याच दिवशी तिकडे टाका. १,१८,००० आले म्हणजे कमाई १,१८,००० झाली असं खात्यावरची शिल्लक सांगते, आणि माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो. २० तारखेला पैसे नसण्याचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं.

खरेदीचं बिल माझ्या हातात आहे, मी करासकट पैसे दिलेत, तरी क्रेडिट मिळत नाही. का?

कारण ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टल काढतं त्या यादीत, आलेलं नाही. १ जानेवारी २०२२ पासून कायदाच तसा आहे: विकणाऱ्याने त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये बिल दाखवलं आणि ते तुमच्या २बी मध्ये उतरलं, तरच क्रेडिट. २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. विकणाऱ्याने ११ ऐवजी १५ तारखेला भरलं तर तुमचं क्रेडिट पुढच्या महिन्यावर गेलं. तो तिमाही भरणारा असेल आणि आयएफएफ वापरत नसेल तर तिमाही संपेपर्यंत थांबा. त्याने तुमचा क्रमांकच चुकीचा टाकला असेल किंवा बिल ग्राहकविक्रीत दाखवलं असेल, तर तो सुधारेपर्यंत थांबा. आणि त्याने रिटर्नच भरलं नाही तर भोगा. यात खरेदीदारावर अन्याय होतो हे माझं स्पष्ट मत आहे. पैसे दिले, बिल घेतलं, माल आला. विकणारा कर भरतो की नाही यावर त्याने कसं लक्ष ठेवायचं? पण नियम तो आहे.

म्हणून १४ ते १८ या पाच दिवसांत एकच काम करा. खरेदीची वही आणि २बी शेजारी ठेवून एकेक बिल जुळवा. वहीत आहे पण २बी मध्ये नाही, अशांची यादी काढून त्या त्या पुरवठादाराला पाठवा. २बी मध्ये आहे पण वहीत नाही, अशी बिलं तर आणखी नीट बघा. एकतर बिल हरवलं आहे, नाहीतर कुणीतरी चुकून किंवा मुद्दाम तुमच्या नावावर खपवलं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस हा विभाग आहे. तिथे अशी बिलं नाकारता येतात. तुम्ही काहीच केलं नाही तर बिल मान्य आहे असं धरलं जातं.

नवा पुरवठादार धरताना त्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघा. मागची रिटर्न कधी भरली, ते कुणालाही दिसतं. दोन टक्के स्वस्त देणारा पण चार महिने रिटर्न न भरलेला माणूस अठरा टक्क्यांना पडतो.

२बी मध्ये दिसणारं सगळंच क्रेडिट घेता येतं असंही नाही. घरच्या वापराची खरेदी, नेहमीची प्रवासी मोटार, हॉटेलातलं जेवण या गोष्टींवर सहसा क्रेडिट नाही.

उशीर झाला तर किती भुर्दंड?

दिवसाला ५० रुपये लेट फी, निल रिटर्नला २०. त्याला वरची मर्यादा आहे: निलला ५००, उलाढाल १.५ कोटींपर्यंत असेल तर २,०००, ५ कोटींपर्यंत ५,०००, दर रिटर्नामागे. शिवाय रोखीने भरायच्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. समजा ४०,००० कर ३० दिवस उशिरा भरला. व्याज साधारण ५९२ रुपये, लेट फी १,५००.

रकमेपेक्षा त्यापुढची साखळी त्रासदायक आहे. मागचं ३बी राहिलं की पुढचं जीएसटीआर-१ भरता येत नाही, म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकांचं क्रेडिट अडतं. सलग दोन रिटर्न राहिली की माल वाहून नेताना लागणारं ई-वे बिल निघत नाही आणि माल गोदामातच राहतो. मासिकवाल्याने सलग सहा महिने किंवा तिमाहीवाल्याने सलग दोन तिमाही रिटर्न दिली नाहीत तर नोंदणी रद्द होऊ शकते. आणि मुदतीनंतर तीन वर्षं उलटली की ते रिटर्न पोर्टल स्वीकारतच नाही.

२० तारीख आली, पूर्ण कराएवढे पैसे नाहीत. काय करू?

जीएसटीआर-१ वेळेवर भरा, त्याला पैसे लागत नाहीत आणि गिऱ्हाइकं दुखावत नाहीत. ३बी मात्र पूर्ण कर भरल्याशिवाय दाखल होत नाही. जेवढे पैसे हातात आहेत तेवढे मुदतीच्या आत पोर्टलवरच्या रोख खात्यात चलानाने जमा करून ठेवा. जुलै २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर मुदतीपूर्वी जमा असलेल्या आणि पुढे त्याच रिटर्नासाठी वापरलेल्या रकमेवर व्याज लागत नाही. लेट फी चुकत नाही, पण व्याज फक्त उरलेल्या रकमेवर बसतं.

आगाऊ कर मलाही लागतो? मी तर मार्चनंतर भरतो.

टीडीएस वजा जाता वर्षाचा आयकर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. अंदाजित नफ्याची योजना (ती पुढच्या प्रश्नात आहे) घेतली असेल तर मधले हप्ते नाहीत, १५ मार्चला एकदम सगळा. मार्चनंतर भरून चालतं असं वाटतं, कारण कुणी अडवत नाही. विवरणपत्र भरताना व्याज आपोआप लागलेलं दिसतं, एवढंच.

अंदाजित नफ्याची योजना घेतली की वह्या ठेवायच्या नाहीत ना?

आयकरापुरतं ते खरं आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत, नफा ८ टक्के धरून कर भरता येतो. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशा व्यावसायिकांना ५० लाखांपर्यंत, रोख कमी असल्यास ७५ लाखांपर्यंत, निम्मी जमा नफा धरतात. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, त्यामुळे जुने कलम क्रमांक बदलले. धंद्यासाठीच्या या योजनेला लोक अजून जुन्या कलमावरून ४४एडी असंच म्हणतात आणि समोरच्याला कळतं.

पण जीएसटी नोंदणी असेल तर विक्री, खरेदी, साठा आणि क्रेडिटची नोंद ठेवावीच लागते, आणि वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागते. शिवाय आयकरातली उलाढाल आणि जीएसटीतली उलाढाल दोन्ही खाती ताडून बघतात. एकीकडे ६२ लाख आणि दुसरीकडे ४८ लाख असं दिसलं तर पत्र येणारच.

टीडीएस कापायची जबाबदारी माझ्यावर आहे का?

एकट्या मालकाच्या धंद्यावर, मागच्या वर्षीची उलाढाल १ कोटींपुढे असेल तर. व्यावसायिक असाल तर ५० लाखांपुढे. भागीदारी संस्थेला ही सूट नाही, तिला पहिल्या वर्षापासून लागू. कापायचं, ७ तारखेला भरायचं आणि तिमाही विवरणपत्र ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी, ३१ मे या तारखांना द्यायचं. त्याला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, कापलेल्या रकमेपर्यंत.

व्यवसाय कर म्हणजे तोच आयकर का?

नाही, तो राज्याचा. मालकाचा स्वतःचा वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत. त्याची नोंदणी पीटीईसी. पगारी माणसं असतील तर त्यांच्या पगारातून कापून भरण्यासाठी पीटीआरसी वेगळं. दरमहा १०,००० च्या वर पगार असेल तर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. महिला कर्मचाऱ्यांना २५,००० पर्यंत माफ. रक्कम किरकोळ म्हणून सर्वांत जास्त विसरला जाणारा कर हाच.

सगळं सीएकडे दिलं आहे. मग मी कशाला डोकं घालू?

सही तुमची, जबाबदारी तुमची. पोर्टलवरचा मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच असू द्या. अनेकांचा तो जुन्या सल्लागाराचा असतो, आणि सल्लागार बदलला की ओटीपीसाठी त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. त्यांच्याकडे बिलं महिन्याच्या ५ तारखेच्या आत पोचवा. १९ तारखेला व्हॉट्सॲपवर तिरक्या फोटोंची माळ पाठवणाऱ्याचं रिटर्न बरोबर निघावं, ही अपेक्षा जास्त आहे. रिटर्न भरल्यावर त्याची पोचपावती, एआरएन क्रमांकासह, मागून घ्या. ‘भरलं’ हा शब्द आणि पोचपावती यात कधीकधी दोन-दोन महिन्यांचं अंतर निघतं.

नोटीस आली आहे. घाबरू?

आधी ती खरी आहे का ते बघा. पोर्टलवर लॉगिन करा. खरी नोटीस तिथे दिसते आणि तिच्यावर पडताळता येणारा क्रमांक असतो. मग फॉर्म कुठला ते वाचा. जीएसटीआर-३ए म्हणजे रिटर्न राहिलं आहे, १५ दिवसांत भरा. डीआरसी-०१बी म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी जुळत नाही. डीआरसी-०१सी म्हणजे २बी पेक्षा जास्त क्रेडिट घेतलं आहे. या दोन्हींना ७ दिवस. एएसएमटी-१० म्हणजे तपासणीत काही विसंगती सापडल्या आहेत, उत्तराला ३० दिवसांपर्यंत. यातली बरीच पत्रं संगणक आकडे ताडून काढतो, आणि साधं, आकड्यांसह दिलेलं उत्तर पुरतं. उत्तर न देणं हीच त्यातली खरी चूक. पोर्टलवरचा नोटिशींचा विभाग आठवड्यातून एकदा उघडून बघत जा, ईमेल कुठल्या कुठे जाऊन पडतो.

धंदा बंद केला. रिटर्न आपोआप थांबतील ना?

थांबत नाहीत. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज, आरईजी-१६, द्यावा लागतो. त्या दिवशी उरलेल्या साठ्यावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न. शटर ओढून गावी गेलेल्या आणि दोन वर्षांनी नवा धंदा काढायला आलेल्या माणसाला त्याच पॅनवर नवी नोंदणी घेताना जुनी थकलेली रिटर्नं समोर उभी दिसतात. तेव्हा आधी ती भरा, मग नवा अर्ज करा.